आधी सिलोन, मग नागपूर: वऱ्हाडातल्या एका व्हॉल्व्ह रेडिओचे वाचन

या मालिकेत आपण शिलालेख वाचले, मोडी कागद वाचले, झिजलेल्या नाण्यांवरची अक्षरे भिंगाखाली धरली. आजचा लेख काचेवर आहे. अंगठ्याएवढ्या काचेच्या चार नळ्या, आणि त्यांवर पुसट झालेल्या शाईत डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१, डीएल९२ अशी अक्षरे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

या नळ्या आमच्या किन्हीराजाच्या घरातल्या रेडिओत आहेत. किन्हीराजा म्हणजे वाशीम जिल्हा, तालुका मालेगाव (नाशिककडचे मालेगाव नव्हे; हा खुलासा आम्हा लोकांना जन्मभर करावा लागतो). मालेगावहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. आजोबांनी रेडिओ घेतला तोही अकोल्याहून, १९६० मध्ये. त्यांच्या हिशोबाच्या वहीत तशी नोंद आहे. कंपनी कोणती ते विचारू नका, पुढची पितळी पट्टी केव्हाच गळून पडली आहे. मर्फीचा तोंडाशी बोट धरलेला बाळ सर्वांना आठवतो आणि तो रेडिओ ठाण्याच्या कारखान्यात तयार होत असे, म्हणून प्रत्येक घरातला जुना रेडिओ 'मर्फीच' असतो, असा एक समज आहे. तो मी वाढवू इच्छित नाही.

मला हा धागा लिहावासा वाटला तो चुलत भावामुळे. गेल्या दिवाळीत त्याने माळ्यावरून हा रेडिओ खाली काढला, धूळ पुसली आणि मला म्हणाला, "ताई, खोकं मस्त हाय. आतलं भंगार काढून टाकतो अन् ब्लूटूथ बसवतो." त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. शहरांतल्या कॅफेंमध्ये असे पोकळ केलेले रेडिओ फळीवर मांडलेले आपण सगळेच पाहतो. पण मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि 'आतलं भंगार' या शब्दांशी माझे भांडण आहे. मी त्याच्याकडे होळीपर्यंतची मुदत मागितली.

आधी अक्षरे वाचू. युरोपातल्या फिलिप्स आणि मलार्ड या कंपन्यांनी १९३० च्या दशकात नळ्यांना नावे देण्याची एक पद्धत बसवली. तिचे नियम माहीत असले की नाव हाच नळीचा परिचय होतो. पहिले अक्षर तापतंतूची वीज सांगते: डी म्हणजे १.४ व्होल्ट, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलीअँपियरच्या माळेत जोडायची नळी. पुढची अक्षरे नळीचे काम सांगतात: ए म्हणजे डायोड, सी म्हणजे ट्रायोड, एफ म्हणजे पेंटोड, एल म्हणजे ध्वनिक्षेपकाला बळ देणारी शेवटची नळी. आकड्यातला ९ सांगतो की बूड सात काट्यांचे, लहान आहे. म्हणजे डीएएफ९१ हे नाव वाचताच कळते की १.४ व्होल्टवर चालणारी, एकाच काचेत एक डायोड आणि एक पेंटोड सामावलेली, सात काट्यांची ही नळी आहे. ताम्रपटात बिरुदावली वाचून राजाचा वंश ओळखावा, तसेच हे. मेकॅनिक लोक मात्र सरसकट 'वॉल' म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही.

पहिल्या अक्षरातच आमच्या गावाचा इतिहास आहे. मुंबई-पुण्याच्या घरांतले रेडिओ ई किंवा यू अक्षराचे असत. ते भिंतीतल्या विजेवर चालत. डी हे अक्षर म्हणजे घरात वीज नाही. आमच्या घरात वीज आली १९७१ मध्ये. तोवर अकरा वर्षे हा रेडिओ एका जाडजूड कोरड्या बॅटरीवर चालला. तिच्या पोटात दोन स्वतंत्र भाग असत, १.५ व्होल्टचा तापतंतूंसाठी आणि ९० व्होल्टचा नळ्यांच्या धन पट्टीसाठी.

आता या नळ्यांचे मूळ पाहा. डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१, डीएल९२ यांची अमेरिकन नावे आहेत १आर५, १टी४, १एस५ आणि ३एस४. हे लहान काचेचे कुटुंब अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९४० च्या सुमारास बाजारात आणले, ते हातात धरून नेता येईल एवढ्या रेडिओसाठी. पुढे महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या कानाशी जो 'हँडी-टॉकी' असे, त्यात याच चार प्रकारच्या नळ्या होत्या. म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ओरडणारा यंत्रसंच आणि आमच्या ओसरीवर कापसाचे भाव सांगणारा यंत्रसंच हे सख्खे भाऊ. जागतिक इतिहास आणि गावाचा इतिहास यांच्या मध्ये कधीकधी एका काचेच्या नळीपेक्षा जास्त अंतर नसते.

पण १९६० साली अमेरिकेत मात्र या कुटुंबाला कोणी विचारत नव्हते. तिकडचा श्रीमंत श्रोता काय विकत घेत होता हे पाहिले की आमच्या रेडिओची घडण अधिक नीट कळते, म्हणून थोडे वळण घेते.

तिकडे तेव्हा 'स्टिरिओ रिसीव्हर' नावाची वस्तू आकाराला येत होती. केंद्र पकडणारा ट्यूनर, आवाज घडवणारा पूर्वप्रवर्धक आणि दोन ध्वनिक्षेपक हलवणारे दोन शक्तिप्रवर्धक, हे सारे एकाच लोखंडी सांगाड्यावर. हार्मन-कार्डन, एच. एच. स्कॉट आणि फिशर ही त्यातली मोठी नावे. फिशरच्या ५०० मालिकेचे संच आजही संग्राहक जिवापाड जपतात. वजन उचलताना हात भरून येतात, कारण दोन्ही वाहिन्यांसाठी स्वतंत्र निर्गम रोहित्र आणि शिवाय वीजपुरवठ्याचे भले मोठे रोहित्र. फिशर ५००-सी या संचात प्रत्येक बाजूला ७५९१ या शक्तिनळ्यांची जोडी आहे. त्या आळीपाळीने ओढतात आणि ढकलतात, त्यामुळे दोघींचे काही दोष एकमेकांत विरतात. (७५९१ या आकड्यातून मात्र काहीच वाचता येत नाही, तो नुसता नोंदणीचा क्रमांक. इथे युरोपची लिपी मला जास्त सुसंस्कृत वाटते.)

गंमत म्हणजे १९६१ पूर्वी अमेरिकेतही रेडिओवरून स्टिरिओ ऐकण्याची रीत विलक्षण होती. डावा आवाज एका एएम केंद्रावरून, उजवा एका एफएम केंद्रावरून, एकाच वेळी! म्हणून त्या काळच्या काही संचांत दोन वेगळे ट्यूनर आणि दोन वेगळ्या तबकड्या दिसतात. एप्रिल १९६१ मध्ये तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने एकाच एफएम लहरीवर दोन्ही आवाज नेण्याची पद्धत मंजूर केली आणि १ जूनपासून ती सुरू झाली. डावा अधिक उजवा ही बेरीज नेहमीसारखी जाते; डावा उणे उजवा ही वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर बसवतात; आणि ग्राहकयंत्राला वाट दाखवायला १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर सोबत पाठवतात. घरी बेरीज-वजाबाकी पुन्हा केली की दोन्ही आवाज सुटे होतात. ज्याच्याकडे साधा रेडिओ आहे त्याला नुसती बेरीज ऐकू येते आणि त्याचे काही बिघडत नाही. जुन्या श्रोत्याला न दुखावता नवे आणण्याची इतकी सभ्य युक्ती तंत्रज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडते.

हे ज्याच्या एफएमवर उभे राहिले तो एडविन आर्मस्ट्राँग मात्र हे पाहायला नव्हता. एफएमचे हक्क मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झुंजून त्याने १९५४ मध्ये आत्महत्या केली. त्याचा आणखी एक शोध, १९१८ चा सुपरहेटरोडाइन, आमच्या किन्हीराजाच्या रेडिओत आहे. त्याकडे पुढे येऊ.

हे स्टिरिओ संच आपल्याकडे का रुजले नाहीत? 'देश गरीब होता' हे उत्तर खोटे नाही, पण आळशी आहे. भारतात एफएमचे पहिले प्रक्षेपण मद्रासला झाले ते २३ जुलै १९७७ रोजी. आकाशात जे नाही ते पकडणारे यंत्र कोण घेणार? एफएम लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात. त्यासाठी शहराशहरात केंद्रे लागतात. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या वाट्याला आलेली केंद्रे सहा होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली, लखनौ. देशाच्या जेमतेम अडीच टक्के भूभागावर त्यांचा आवाज पोहोचे. अशा देशात उपयोगी पडते ती आयनांबरावर आपटून शेकडो मैल पलीकडे उतरणारी लघुलहर. म्हणूनच अमेरिकन संच रुंदीत वाढले, डावा-उजवा झाले. आपले संच लांब पाहायला शिकले. आमच्या रेडिओच्या तबकडीवर एक पट्टा मध्यम लहरींचा आणि एक लघुलहरींचा आहे.

मध्यम लहरींवर नागपूर. हे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतात होता. आजोबांनी रेडिओ घेतला तोवर आम्ही मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलो होतो. चार राज्यनावे झाली, केंद्र तेच राहिले. लघुलहरींवर रेडिओ सिलोन. त्याची कथा अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर पक्षपाती. त्यांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांना लगाम घातला. श्रोते सिलोनकडे वळले. तिथे युद्धकाळात दोस्त सैन्यासाठी आणलेला शक्तिशाली लघुलहर प्रक्षेपक होता, आणि डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानींची बिनाका गीतमाला. सरकारला उमजले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. पण सवय एकदा लागली की लागली.

आमच्या घरात नागपूर आजोबांचे होते आणि सिलोन आजीचे.

आजी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मी तिच्या आठवणी दोन वर्षांपासून ध्वनिमुद्रित करते आहे. त्यात एक वाक्य तिने तीनदा, तीन वेगळ्या प्रसंगी उच्चारले आहे: "बॅटरी मरत आली का आंधी सिलोन जाये. मंग नागपूर." विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात मी हे वाक्य मांडले, तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सौम्यपणे सांगितले की वृद्धांच्या स्मृतीत आवडती गोष्ट नेहमी आधी हरवते, ही भावना आहे, हा पुरावा धरू नये. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. मौखिक इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो कधीतरी ऐकावा लागतो. पण मला वाटले, इथे एक तिसरा साक्षीदार आहे आणि त्याला अजून कोणी विचारलेले नाही.

तो साक्षीदार म्हणजे डीके९१. आर्मस्ट्राँगचा सुपरहेटरोडाइन असे काम करतो: रेडिओ स्वतःच्या पोटात एक लहर निर्माण करतो आणि ती केंद्राच्या लहरीत मिसळतो. दोघींच्या फरकाची एक ठरलेली लहर, बहुधा ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासची, पुढे जाते आणि बाकीचा रेडिओ फक्त तेवढीच वाढवायला शिकलेला असतो. ६०० किलोहर्ट्झचे केंद्र हवे तर पोटातली लहर १०५५ ची हवी. सिलोनसाठी ४१ मीटरच्या पट्ट्यात, समजा ७२०० वर जायचे, तर ती ७६५५ ची हवी. ही लहर उठवणे आणि मिसळणे ही दोन्ही कामे डीके९१ एकटी करते.

पोटातली लहर म्हणजे झोका आहे. प्रत्येक हेलकाव्याला थोडा धक्का मिळाला नाही तर तो थांबतो. सावकाश झोक्याला थकलेला हातही पुरतो. सातपट वेगाचा झोका थकल्या हाताने चालत नाही, कारण त्या वेगाला मंडलातली गळतीही जास्त असते. बॅटरी उतरू लागली, तापतंतू १.४ वरून १.१ व्होल्टकडे घसरला, की तंतूतून सुटणारे इलेक्ट्रॉन कमी होतात आणि डीके९१ चा धक्का दुबळा होतो. मग लघुलहरीचा झोका एकदम थांबतो. हळूहळू क्षीण होत नाही. आता होते, आता नाही. मध्यम लहरीचा झोका मात्र आणखी बरेच दिवस तग धरतो, आवाज बारीक होत होत.

सिद्धान्त झाला. पण सिद्धान्तावर थांबणे मला पटेना. वाशीमला जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी चाळीस वर्षांत व्हॉल्व्हच्या शेवटच्या पिढीपासून मोबाइलपर्यंत सगळे उघडले आहे. त्यांनी मेण लावलेले जुने कागदी कपॅसिटर बदलले, कारण ते जवळजवळ नक्कीच गळके झालेले असतात. ९० व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही. आम्ही नऊ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडल्या आणि तापतंतूंसाठी टॉर्चचा एक मोठा सेल. (इथे एक इशारा: हा बॅटरीचा संच होता म्हणून हे जमले, तरीही ९० व्होल्टचा झटका बसतो. तुमच्या घरात विजेवर चालणारा जुना व्हॉल्व्ह रेडिओ असेल तर तो 'चालतो का पाहू' म्हणून थेट लावू नका. विशेषतः यू अक्षराच्या नळ्यांच्या संचात वीज रोहित्राशिवाय थेट सांगाड्यावर येऊ शकते, आणि त्याला हात लावणे जिवावर बेतू शकते.)

नळ्या व्हॉल्व्हच्या मानाने गारच राहतात; डी मालिकेचा तंतू डोळ्यांना दिसेल इतकाही उजळत नाही. काही क्षण काहीच नाही. मग खरखर, आणि तिच्यामागून मध्यम लहरींवर एक हिंदी बातमीपत्र. लघुलहरींवर एक परदेशी केंद्र, भाषा आम्हाला कळली नाही. मग आम्ही नवा सेल काढला आणि वापरून उतरलेला लावला. मीटरवर १.१ व्होल्ट. हिंदी बातमीपत्र राहिले, दूर गेल्यासारखे. परदेशी केंद्र नाहीसे झाले. खुंटी कितीही फिरवली तरी पट्टाभर नुसती शांतता. पुन्हा नवा सेल, पुन्हा केंद्र हजर. आम्ही हे चार वेळा केले. चारही वेळा क्रम तोच.

यातून काय सिद्ध झाले ते मोजून सांगते. आजीने सांगितलेला क्रम यंत्राच्या घडणीतून येतो; तो तिच्या भावनेने रचलेला नाही. एवढेच. कोणत्या वर्षी, कोणत्या रात्री सिलोन गेले, हे रेडिओ सांगू शकत नाही.

ते वही सांगते. आजोबांच्या नोंदींत बॅटरी साधारण तीन-चार महिन्यांनी येते. फक्त एकदा हे अंतर मोडले आहे. १९६२ मध्ये दसऱ्याला एक बॅटरी, आणि पुढची डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मधे काय होते ते तुम्हाला माहीत आहे: २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण, नोव्हेंबरात बोमडिला पडल्याची बातमी, यशवंतराव चव्हाणांचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला जाणे. सकाळ-संध्याकाळ ओसरीवर माणसे जमत आणि रेडिओ एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चाले. बॅटरी निम्म्या काळात संपली.

मी हे जुळवून आजीपुढे मांडले. तेव्हा तिने, या दोन वर्षांत पहिल्यांदा, पुढचे वाक्य सांगितले. त्या वेळी सिलोन तीन आठवडे नव्हते. नागपूर अजून लागत होते, म्हणून नवी बॅटरी आणण्याची कोणाला घाई नव्हती. "लढाई सुरू असतानी गाणे कोन मांगन माय? म्या काई बोललीच नाई."

हे वाक्य कोणत्याही दप्तरात नाही. ते मिळाले, कारण डीके९१ अजून तिच्या बुडात बसलेली होती आणि तिला प्रश्न विचारता आला. खोके रिकामे असते तर विचारायला काय उरले असते?

चुलत भावाने प्रयोग पाहिला. बाकीच्यांपेक्षा तोच जास्त रंगला. उतरलेला सेल शोधून आणणारा तोच होता. आता तो मोजमाप घेऊन प्लायवूडचे तसलेच खोके करतो आहे आणि ब्लूटूथ त्यात बसणार आहे. नक्षीची जाळी मात्र मूळ रेडिओचीच हवी, असा त्याचा हट्ट आहे. वाटाघाटी चालू आहेत.

आता तुमच्याकडे एक मागणे. व्हॉल्व्ह रेडिओ प्रत्येकाच्या घरी नसेल, पण रेडिओचा परवाना कदाचित असेल. तेव्हा रेडिओ बाळगायला परवाना लागे, तो पोस्टात मिळे आणि दरवर्षी शुल्क भरून नूतन करावा लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत संपली. त्या लहान पुस्तिकेत दर वर्षाचे तिकीट किंवा शिक्का असतो. जुन्या पेटीत, रेशनकार्डांच्या गठ्ठ्यात, देवघराच्या खणात शोधा. पानांची छायाचित्रे पाठवताना नाव-पत्ता झाका. मला हवे आहेत ते शिक्के, गावाच्या पोस्टाचे नाव आणि वर्षे. रिकामी पानेही पाठवा.

आमच्या पुस्तिकेत १९६३ चे पान रिकामे आहे. त्या वर्षी आजोबांनी पैसे भरले नाहीत, की तिकीट निघून पडले, की आणखी काही? आजीला विचारले. ती म्हणाली, "मले का मालूम? पोस्टात म्या कधी गेलीच नाई."